चाकं काढू का, नाना?

राजनंदिनीचा सत्कार ती आकाशात असतानाच करायचा असं ठरलं, तेव्हा कुणीही हरकत घेतली नाही. आमच्या बोरटेकला सत्कारांचा दांडगा अनुभव आहे. गावात आजवर बदली होऊन गेलेल्या तलाठ्याचा, विजेच्या नव्या डीपीचा आणि दूधस्पर्धेत दुसऱ्या आलेल्या एका म्हशीचा जाहीर सत्कार झालेला आहे. त्यातली वेळेवर हजर होती ती फक्त म्हैस.

राजनंदिनी ही अंगणवाडीच्या भारतीताईंची मुलगी. शेजारच्या जिल्ह्यात विमान चालवायला शिकते. त्या शनिवारी तिला परीक्षेचा भाग म्हणून एकटीने विमान घेऊन लांब जाऊन परत यायचं होतं आणि वाट आमच्या गावावरून होती. तिने आईला फोन करून एवढंच सांगितलं होतं की अकराला वर बघ. आईने ते अंगणवाडीच्या ग्रुपवर टाकलं. ग्रुपवरून ते सरपंच सहादू आबांकडे गेलं, आणि आबांनी मारुतीच्या देवळापुढं मंडप टाकला.

कार्यक्रमपत्रिका छापून आली. तीत ‘१०.५८ ते ११.०१ : सत्कारमूर्तींचे आगमन व प्रस्थान’ असं स्पष्ट लिहिलेलं होतं. स्मृतिचिन्हावर बैल होता, कारण संगमनेरच्या दुकानात त्या दिवशी शर्यतीचीच चिन्हं शिल्लक होती. सूत्रसंचालनाला हर्षल सर होते. ते हायस्कूलला मराठी शिकवतात आणि हातात माइक असला की घरी जात नाहीत.

विमान यायच्या आधी मुख्य भाषण पाणी वापर संस्थेचे चेअरमन आसारामनाना यांचं झालं. विषय अर्थातच पाणी. कालव्याला आवर्तन, म्हणजे ठरल्या वेळचं पाणी, सुटलं की कुणाच्या रानाला कधी पाणी जायचं याचे नंबर ठरलेले असतात, आणि ते नंबर पाळले जातात की नाही हे बघायचं काम नानांचं. या वेळी पाणी निम्म्या वाटेतच संपलं होतं. कालव्यातून फुटणाऱ्या आमच्या चारीवर शेवटून दुसरं रान नानांचं आणि अगदी शेवटचं भारतीताईंचं. भारतीताईंचा एकरभर कांदा जागेवर वाळला. वाळायला लागल्यापासून त्या तिकडे फिरकल्यासुद्धा नव्हत्या.

“माझं सोताचं सहा एकर कोरडं पडलंय,” नाना माइकवर म्हणाले, “पन म्या कुनाच्या नंबराला हात लावला न्हाई. नंबर नसताना पानी घेणारा मानूस म्हंजी आईच्या ताटातली भाकर पळवनारा. आपल्या भारतीताईंनी किती संयम दाखवला, बगा. टाळ्या वाजवा त्यांच्यासाठी.”

टाळ्या झाल्या. भारतीताईंनी त्या खाली बघून स्वीकारल्या. नानांच्या शेजारी पाटकरी गोरक्षनाथ भाऊसाहेब बसले होते. कुठल्या रानाला किती पाणी गेलं हे वहीत लिहिणारे तेच. त्यांनी मान हलवली, आणि ती मान सरकारी असल्यामुळे भाषणावर शिक्का बसल्यासारखं झालं.

अकरा वाजून चार मिनिटांनी विमान दिसलं.

लहान, पांढरं, आणि आवाजाच्या मानाने फारच उंच. सगळा मंडप बाहेर आला. भारतीताईंच्या खांद्यावर शाल पडली, हातात नारळ आला, आणि त्याच क्षणी विमानाचा आवाज बंद झाला.

मग हर्षल सर माइकवर म्हणाले, “सत्काराचा मान राखून राजनंदिनीताईंनी इंजिन बंद केलेलं आहे. जोरदार टाळ्या!”

टाळ्या वाजत असतानाच भारतीताईंचा फोन वाजला. पोरीचं नाव बघून हर्षल सरांनी तो त्यांच्या हातातून हळूच काढून घेतला, स्पीकर चालू केला आणि माइकला लावला. पत्रिकेत पुढचा विषय ‘मनोगत’ असाच होता.

“आई,” देवळाच्या कळसावरच्या कर्ण्यातून राजनंदिनी म्हणाली, “घाबरू नकोस. इंजिन बंद पडलंय. चालू करून बघितलं, होत नाही. दहा मिनिटांत मी खाली येणार आहे.”

ती खाली येणार हे ऐकून परत टाळ्या झाल्या.

“आई, टाळ्या कोण वाजवतंय?”

“गाव,” भारतीताई म्हणाल्या. त्यांच्या हातातला नारळ शेजारच्या बाईने घेतला, कारण तो पडणार हे तिला दिसलं होतं.

“बरं. मग गावानेच ऐका. मी सात हजार फुटांवर आहे. रेडिओवर सांगून झालंय, ते म्हणाले जवळ धावपट्टी नाही, जागा तूच बघ. हायवेवर ट्रक आहेत आणि मधे डिव्हायडर. बाकी सगळीकडे ऊस उभा आहे, तारा आहेत, शेततळी आहेत. एकच रान मोकळं दिसतंय. लांब, सपाट. कालव्याच्या खाली, उसाच्या मागे. कुणाचं आहे ते?”

“आसारामनानांचं,” साठ-सत्तर जण एकदम म्हणाले.

“हां. ते काळं दिसतंय. पाचट पेटवल्याची राख आहे का ओल आहे? वरून कळत नाही. आणि मला एवढंच कळायला हवंय. रान टणक असेल तर मी चाकं काढते. चाकं धक्का खातात, विमान पळत जाऊन थांबतं. पण खाली चिखल असेल तर चाकं रुततात आणि विमान नाकावर कोलांटी खातं. मग आतल्या माणसाचं काही खरं नसतं. चिखल असला तर चाकं पोटातच ठेवायची आणि पोटावर घसरत उतरायचं. कळलं? ओल आहे का नाही, एवढं एका शब्दात सांगा.”

कुणी बोललं नाही.

बाहेरच्या माणसाला ही शांतता कळायची नाही, म्हणून सांगतो. आमच्या गावात कुणाला काहीही विचारलं तरी चालतं. पोराचं लग्न का मोडलं, ऑपरेशन नक्की कशाचं झालं, खुशाल विचारा. चहा पाजून सांगतील. पण आवर्तनाच्या दिवसांत कुणाच्या रानात ओल आहे का, हे विचारायचं नसतं. बघायचंही नसतं. शेजाऱ्याच्या बांधावरून जाताना आम्ही नजर वर ठेवून चालतो, त्यामुळे गावात पक्ष्यांची माहिती सगळ्यांना चांगली आहे. असा प्रश्न गावाच्या इतिहासात पहिल्यांदा जाहीर विचारला गेला, तोही कर्ण्यावरून.

“राख हाय,” आसारामनाना म्हणाले.

ते बोलून गेले खरे, पण त्यांचा स्वतःचा त्यात फारसा सहभाग नव्हता. काटा रुतला की पाय उचलला जातो, तसं ते तोंडातून आलं.

“बरोबर,” गोरक्षनाथ भाऊसाहेबांनी पुस्ती जोडली, “रेकॉर्डप्रमाणे त्या रानाला पाणी गेलेलं नाही. सबब रान कोरडं.”

“पक्कं ना? कारण हजार फुटांवर मी चाकं काढणार. एकदा काढली की परत आत घ्यायला वेळ नसतो.”

“पक्कं,” भाऊसाहेब म्हणाले. ते ही गोष्ट वरच्या ऑफिसला लेखी कळवून बसले होते, त्यामुळे त्यांच्या दृष्टीने ती घडून गेली होती.

नानांचा चेहरा मात्र राखेच्या रंगाचा झाला. त्यांनी टोपी काढली, टोपीच्या आत बघितलं, परत घातली. मग माइकजवळ येऊन अगदी मायेने म्हणाले, “नंदे, पोरी, चाकं काढू नगं.”

“का नाना?”

“आज शनवार हाय. शिंगणापूर आपल्याच जिल्ह्यात हाय. शनवारी लोखंड खाली उतरवू न्हाई.”

“नाना, विमान अ‍ॅल्युमिनियमचं आहे.”

नानांनी यावर विचार केला. अ‍ॅल्युमिनियमबद्दल शनिमहाराजांचं काय मत आहे, हे मंडपात कुणालाच सांगता आलं नाही.

“सहा हजार,” राजनंदिनी म्हणाली.

आता सरपंच सहादू आबांना अध्यक्ष म्हणून आपली जबाबदारी जाणवली. त्यांनी दोन्ही हात वर केले. “शांतता! पोरीच्या जिवाचा प्रश्न हाय. ह्यो निर्णय एकट्यानं घ्यायचा न्हाई. लोकशाही हाय. ज्याला बोलायचंय त्यानं हात वर करा. परत्येकाला एक मिनिट.”

चौदा हात वर झाले.

पहिला जेसीबीवाला बोलला. “चाक काढल्याबिगर गाडी थांबंलच कशी? मी म्हन्तो, चाकं काढावी, आन् मागचं चाक आधी टेकवावं.”

“आबा,” कर्ण्यातून आवाज आला, “मला मत नकोय. मत मी देऊ शकते. मला फक्त ओल—”

“ताई, तुमचा नंबर मागाहून,” हर्षल सर म्हणाले.

दुसरा एसटीतून रिटायर झालेला होता. तो म्हणाला की पोटावर जाणं हे केव्हाही चांगलं, घाटात एकदा त्याची गाडी पोटावर गेली होती आणि एकही तिकीट वाया गेलं नव्हतं. लगेच मंडपात दोन तट पडले. उजवीकडचे चाकवाले आणि डावीकडचे पोटवाले. गेल्या ग्रामपंचायतीला जी दोन पॅनेलं होती, ती जशीच्या तशी इकडेतिकडे बसली. सहादू आबांचं पॅनेल चाकवालं निघालं. त्यांना विमानाचं काही सोयरसुतक होतं असं नव्हे, पण समोरचं पोटवालं होतं.

“मध्यम मार्ग काढू,” आबा म्हणाले. “नंदे, विमानाला चाकं किती?”

“तीन. पाच हजार फूट.”

“मग असं कर. दोन काड आन् एक आत ठेव. दोन्ही बाजूंचा मान राहील.”

“आबा, तसं केलं तर मी गोल फिरत उसात जाईन.”

“मग एक काड आन् दोन—”

“आबा!” हा आवाज कर्ण्यातून आला नाही. भारतीताई होत्या. “ती खाली येतीय, आबा. कुणीतरी रानात जाऊन बघा ना! गाडीवर दोन मिनिटं लागतात!”

हे एवढं साधं होतं की आबा काही क्षण त्यांच्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, “सूचना योग्य आहे,” आणि पाहणी समिती नेमली. अध्यक्ष म्हणून रानाचे मालक आसारामनाना. सचिव म्हणून पाण्याचे जाणकार गोरक्षनाथ भाऊसाहेब. एक महिला सदस्य हवी म्हणून नानांच्या पत्नी गोजरबाई, कारण त्या बायकांच्या बाजूला अगदी पुढच्या खुर्चीत होत्या आणि त्यांचं नाव विचारावं लागणार नव्हतं. त्यांना विचारलंही नाही.

अध्यक्ष आणि सचिव उठले. मंडपाच्या कडेपर्यंत गेले. तिथून समोरच्या उसाकडे बघितलं. त्या उसाच्या पलीकडे कुठंतरी ते रान होतं. दोघांचं हळू आवाजात काहीतरी बोलणं झालं आणि समिती परत आली.

“समितीने पाहणी केली,” भाऊसाहेबांनी जाहीर केलं. “रान कोरडं आहे.”

“इतक्यात जाऊन आले?” राजनंदिनीने विचारलं. “चार हजार.”

“शंका असल्यास सोमवारी ऑफिसात अर्ज द्या,” भाऊसाहेब म्हणाले. “प्रमाणित उतारा मिळेल.”

“भाऊसाहेब, सोमवारी मी कुठे असेन तेच आत्ता ठरतंय.”

नाना पुन्हा माइककडे सरकले. त्यांना पोरगी मरायला नको होती. हे मी अगदी खात्रीने सांगतो. ती चौथीत असताना त्यांनीच तिला पहिल्यांदा ट्रॅक्टरवर बसवलं होतं. पोरगी जगावी आणि चेअरमनकीही राहावी, एवढीच त्यांची माफक अपेक्षा होती.

“नंदे, माझं ऐक. पोटावरच उतर.”

“पण रान कोरडं आहे म्हणालात ना?”

“कोरडंच हाय.”

“मग टणक असणार. मग चाकंच काढायला हवीत.”

“टणक हाय. पन लई टणक हाय. एवढं टणक, का चाकं मोडतील.”

“कोरड्या रानात चाकं मोडत नाहीत, नाना.”

“आमच्यात मोडत्यात. मागल्या साली नांगर मोडला.”

“मग पोटाचं काय होईल?”

“पोट... पोटाला त्येवढं लागत न्हाई.”

चाकवाल्यांमधून कुणीतरी ओरडलं, “नाना पोटवाल्यांना फुटला!” गोंधळ उडाला. नाना फुटले नव्हते, पण फुटल्याचा आरोप झाल्यावर गावात त्यावर खुलासा करावाच लागतो. ते खुलासा करायला वळले. त्यात आणखी एक हजार फूट गेले.

“तीन हजार,” राजनंदिनी म्हणाली. आता तिच्या आवाजातली गंमत संपली होती. “मी वळतेय. मला आता ते रान समोर दिसतंय. आई, तू आहेस ना?”

“आहे गं.”

“तुला माहीत आहे का?”

“नाही. मी गेलेच नाही तिकडं.”

विमान आता मोठं दिसत होतं. आवाज नसलेलं एवढं मोठं काही डोक्यावरून जाताना गावाने कधी बघितलं नव्हतं. देवळावरची कबुतरं उठली. गर्दीतला बोलण्याचा आवाज जरासा खाली बसला, आणि त्या जागेत भारतीताई आसारामनानांच्या समोर जाऊन उभ्या राहिल्या. खांद्यावरची शाल कधीच पडली होती.

“नाना,” त्या म्हणाल्या, “माझा कांदा वाळला, त्याचं मी आज काही विचारत नाही. उद्याही विचारणार नाही. रानात ओल आहे का, एवढंच सांगा.”

नानांनी भाऊसाहेबांकडे बघितलं. भाऊसाहेबांनी वहीकडे बघितलं. नाना तोंड उघडून उभे राहिले आणि त्यातून काही बाहेर येईना. वीस वर्षं जे तोंड नुसतं माइक दिसला की चालू व्हायचं, ते बंद पडलं.

“ए नंदे!” बायकांच्या बाजूने हाक आली. गोजरबाई खुर्चीवर चढल्या होत्या. “चाकं काढू नगं बाई! वल हाय! मंगळवारी भरणं केलंय! घोट्याच्या वर चिखल हाय!”

साऱ्या मंडपाची मान तिकडे वळली.

“तिला काय कळतंय!” नाना ओरडले.

“मला न्हाई कळत?” गोजरबाई म्हणाल्या. “पान्याची दारं म्या धरली. फावडं माझ्या हातात हुतं. तुमी बांधावर बसून ‘पानी वाचवा’ म्हनून भाषान पाठ करत हुता! आत्ता केलं तेच!”

“काकूंचं हे तोंडी आहे,” गोरक्षनाथ भाऊसाहेब वही उंच धरून म्हणाले. “माझ्याकडे लेखी आहे.”

“नाना!” कर्ण्यातून आवाज आला. “दोन हजार. काकू म्हणतात ओल आहे, वही म्हणते नाही. रान तुमचं आहे. मी आता तुम्हालाच विचारते. चाकं काढू का, नाना?”

चाकवाले आणि पोटवाले, दोन्ही तट नानांकडे बघायला लागले. हर्षल सरांनी माइक नानांपुढे धरला, फोन त्याला चिकटवलेला. नानांच्या ओठांची दोनदा हालचाल झाली.

“नगं,” नाना म्हणाले. मग एकदम मोठ्याने, “नगं काढू! वल हाय! रेकॉर्ड खोटं हाय! मंगळवारी पानी घेतलं म्या, नंबर नव्हता! पोटावं घे पोरी, पोटावं घे!”

“पोटावर घेते,” राजनंदिनी म्हणाली. “ठेवते.”

फोन बंद झाला. नानांनीही तिथंच थांबायला हवं होतं. पण बांध फुटला की पाणी हवं तेवढंच बाहेर येत नाही. “आन् मंगळवारीच न्हाई!” ते माइक घट्ट धरून म्हणाले. “मागल्या आवर्तनाला बी घेतलं! त्याच्या मागल्याला बी! चारीच्या गेटाची दुसरी किल्ली माझ्याकडं हाय, ह्या पाटकरी गोरखनंच करून दिली, दर आवर्तनाला एक गावरान कोंबडा नेतो त्यो! आन् मी एकटाच न्हाई! सहादू आबाची पाइपलाइन शाळंच्या पटांगणाखालून गेलीया, पोरं तिच्यावं कबड्डी खेळत्यात!”

“माइक बंद करा!” आबा किंचाळले.

“करू नका!” पोटवाले ओरडले.

“तुमची मोटर कालव्यात कशी आली ते बी निघू द्या मग!” चाकवाल्यांतून उत्तर गेलं.

त्यानंतर बोरटेकमध्ये जे झालं त्याला चर्चा म्हणता येणार नाही. प्रत्येकाला प्रत्येकाच्या रानातली ओल माहीत होती, हे पाच-दहा सेकंदांत बाहेर आलं. कुणाच्या पाइपला कुठे भोक आहे, कुणाच्या मक्याला एप्रिलमध्ये कणसं कशी धरली, कुणाच्या विहिरीला उन्हाळ्यातच पाणी का वाढतं. पक्ष्यांकडे बघत चालणाऱ्या गावाने खालचंही सगळं बघून ठेवलं होतं. माइकसाठी झटापट झाली, एक खुर्ची मोडली, बैलाचं स्मृतिचिन्ह कुणीतरी हत्यार म्हणून उचललं. आणि विमान बघायला म्हणून तीन दिवस आधी मंडप टाकून बसलेल्या त्या संपूर्ण गावाची पाठ विमानाकडे होती.

तिघं सोडून. नानांनी माइक फेकला आणि मोटारसायकल चालू केली. गाडी हलायच्या आत भारतीताई मागे बसल्या. त्यांच्या मागे गोजरबाई चढल्या, खुर्चीवरून सरळ. उसाच्या मधल्या पांदीतून गाडी अशी निघाली की दोन्ही बाजूंची पानं तिघांच्या तोंडावर फटाफट बसत होती आणि कुणी हात वर करत नव्हतं.

ऊस संपला तिथं नानांनी ब्रेक मारला, कारण विमान त्यांच्या डोक्यावरून आलं. वाऱ्याचा नुसता सूं आवाज. पोट गुळगुळीत, चाकं कुठंच नाहीत. ते उसाच्या तुऱ्यांना लागतंय की काय असं वाटलं, लागलं नाही, आणि मग ते आसारामनानांच्या सहा एकरांत टेकलं.

चिखलाच्या दोन भिंती उभ्या राहिल्या. काळ्या, माणसाच्या दुप्पट उंच. त्यांच्या मधून विमान घसरत गेलं, जरा तिरकं झालं, परत सरळ झालं. रानातले बगळे उठून कडेच्या बाभळीवर जाऊन बसले. मग भिंती खाली पडल्या आणि विमान रानाच्या निम्म्यावर निवांत बसलेलं दिसलं. त्याच्या पंख्याची पाती फुलाच्या पाकळ्यांसारखी मागे वळली होती. बाकी सगळं जागच्या जागी होतं.

भारतीताई रानात शिरल्या. चौथ्या पावलाला चप्पल गेली, सातव्याला दुसरी. दहाव्याला त्या जागीच अडकल्या. त्यांच्या मागे गोजरबाई अडकल्या, त्यांच्या मागे नाना. तिघं एका ओळीत उभी, विमानापासून जेमतेम वीस हातांवर.

दार उघडलं. राजनंदिनी पंखावर आली. कपाळाला थोडं खरचटलं होतं. तिने हातपाय हलवून बघितले, ते चालू आहेत अशी खात्री करून घेतली, आणि मग आईकडे बघून तिचा चेहरा एकदम चौथीतल्या मुलीसारखा झाला.

“थांब आई, तूच थांब. मी येते.”

तिने पंखावरून उडी मारली आणि गुडघ्यापर्यंत आत गेली. एक पाय उपसायचा, पुढे टाकायचा, दुसरा उपसायचा, असं करत ती आईपर्यंत पोचली. भारतीताईंनी तिला धरलं. गोजरबाईंनी पदराने डोळे पुसले, त्यामुळे त्यांच्या तोंडाला चिखल लागला.

नाना जरा मागे, हात जोडल्यासारखे, पण पूर्ण न जोडता उभे होते. “लागलं का गं फार?” त्यांनी विचारलं.

“नाही, नाना.” तिने त्यांच्याकडे बघितलं. मग खाली बघितलं. “चाकं काढली असती तर आत्ता तुम्ही मला फावड्याने उकरत असता.” ती थांबली. “पण काकू, तुम्ही घोट्याच्या वर म्हणाला होतात. हा तर गुडघ्यापर्यंत आहे. चार दिवसांनी चिखल वाढतो का?”

गोजरबाईंनी पाय हलवून अंदाज घेतला. त्यांच्या कपाळाला आठी पडली. “न्हाई बाई. मंगळवारी घोट्याच्या वरच हुता. म्या सोता धरली दारं. आतापर्यंत वाळून निम्मा व्हायला पायजे.”

तिघी नानांकडे बघायला लागल्या.

नाना विमानाकडे बघत होते. विमान चांगलं होतं, बघण्यासारखं होतं. पण ते किती वेळ पुरणार.

“काल परत भरलं,” ते शेवटी म्हणाले.

“काल?” गोजरबाई म्हणाल्या. “काल मी राजूरला गेल्ते, भावाकडं.”

“म्हनूनच.”

“आन् दारं कुनी धरली? तुमाला फावडं कुठल्या बाजूनं धरत्यात ते तरी म्हाईत हाय का?”

नानांनी टोपी काढली.

“गोरखनं,” ते म्हणाले.

लांब, उसाच्या पलीकडे, माइक अखेर कुणाच्या तरी ताब्यात गेला होता. कर्णा खरखरला, आणि गोरक्षनाथ भाऊसाहेबांचा आवाज रानावरून स्वच्छ ऐकू आला. रेकॉर्डप्रमाणे त्या रानाला पाणी गेलेलं नाही, ते एकेक शब्द तोडून सांगत होते, तरी कुणी अफवांवर विश्वास ठेवू नये.

चौघंही गुडघाभर चिखलात उभी राहून ते ऐकत होती.